ऑक्सफर्डच्या दाराबाहेरचे धर्मविद्यापीठ

ऑक्सफर्डच्या मॅन्सफील्ड रस्त्यावरची मँचेस्टर कॉलेजची दगडी इमारत १८९३ साली वापरात आली. इथे धर्मशास्त्र शिकवणारी संस्था मात्र त्याहून शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे, आणि तिचा जन्म ऑक्सफर्डमध्ये झालेला नाही. इंग्लंडच्या अधिकृत चर्चची एकोणचाळीस कलमे मान्य असल्याची सही केल्याखेरीज ऑक्सफर्डमध्ये प्रवेशच मिळत नसे, आणि ही अट १८५४पर्यंत टिकली. ज्यांना अशी सही करणे पटत नव्हते, त्यांनी आपल्या शिक्षणाची सोय स्वतःच केली. त्यातूनच १७८६मध्ये मँचेस्टर शहरात ही पाठशाळा उभी राहिली.

पुढचा शंभर वर्षांचा इतिहास बिऱ्हाड बदलण्याचाच आहे. १८०३मध्ये यॉर्क, १८४०मध्ये पुन्हा मँचेस्टर, १८५३मध्ये लंडन आणि अखेर १८८९मध्ये ऑक्सफर्ड. अणुसिद्धान्तामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला जॉन डाल्टन सुरुवातीच्या काळात इथे गणित आणि निसर्गविज्ञान शिकवत होता, हे अनेकांना ठाऊक नसते. लंडनच्या काळात तत्त्वचिंतक जेम्स मार्टिनो प्राचार्य होते. संस्थेचा कल युनिटेरियन, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याऐवजी ईश्वराचे एकत्व मानणारा असला, तरी ते मत स्वीकारण्याची सक्ती विद्यार्थ्यांवर नव्हती. धर्माचे ज्ञान द्यावे, पण विशिष्ट सिद्धान्त मान्य करण्याचा आग्रह धरू नये, असे तिचे धोरण होते. १८७१च्या कायद्याने विद्यापीठातील बहुतेक धार्मिक अटी उठल्यावरच या मंडळींना ऑक्सफर्डला येणे सोयीचे वाटले. तरीही मँचेस्टर कॉलेज विद्यापीठाचा अधिकृत घटक नव्हते.

या धोरणाला खरी धार आणली ती जोसेफ एस्टलिन कार्पेंटर यांनी. बायबलाची चिकित्सा करणाऱ्या या अध्यापकाने पाली भाषाही आत्मसात केली, आणि पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासह दीघनिकाय या बौद्ध धर्मग्रंथाचे संपादन केले. त्यांच्या घराण्याचा हिंदुस्थानशी संबंध जुना होता. आजोबा लँट कार्पेंटर ब्रिस्टलचे धर्मोपदेशक होते, आणि त्याच ब्रिस्टलमध्ये १८३३ साली राजा राममोहन रॉय यांनी देह ठेवला. आत्या मेरी कार्पेंटर यांनी रॉय यांच्या अखेरच्या दिवसांची हकिगत लिहून ठेवली आणि पुढे स्वतः हिंदुस्थानात येऊन स्त्रीशिक्षणासाठी खटपट केली. इतर धर्मांचा अभ्यास हा ख्रिस्ती धर्मशिक्षणाला जोडलेला शोभेचा विषय नसून त्याचाच गाभा आहे, असे मानणारा शिक्षक अशा घरातून यावा, यात नवल वाटत नाही.

१९०१च्या शरद ऋतूत या कार्पेंटरांच्या वर्गात जमखंडीचा एक मराठी तरुण येऊन बसला. फर्ग्युसनचे पदवीधर आणि प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर इथे आले होते, आणि प्रवासखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हात दिला होता. कोणत्याही धर्ममताची सही न मागणाऱ्या या संस्थेत, ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्याला तुलनात्मक धर्म शिकता येत होता. त्याच काळात इथे शिकणाऱ्या गर्ट्रूड फॉन पेट्झोल्ड १९०४मध्ये लेस्टरच्या उपासनामंदिराच्या धर्मोपदेशक झाल्या. इंग्लंडमध्ये एखाद्या स्त्रीला असे पद त्याआधी क्वचितच मिळाले असेल.

दोन वर्षांचा अभ्यास आटोपून शिंदे मायदेशी निघाले, ते अॅमस्टरडॅमला थांबून. तिथल्या उदारमतवादी धर्मपरिषदेत सप्टेंबर १९०३मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध सादर केला. मुंबईत प्रार्थनासमाजाचे प्रचारक म्हणून काम करता करता, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या शिक्षणासाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. या कार्याचे मूळ ऑक्सफर्डमध्येच शोधणे भाबडेपणाचे होईल, कारण जातिभेदाचे चटके त्यांनी घरच्या भूमीवरच पाहिले होते.

पुढे १९२६मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन आणि १९३०मध्ये रवींद्रनाथ टागोर याच कॉलेजात व्याख्याने द्यायला आले. विद्यापीठाने मात्र या संस्थेला पूर्ण कॉलेजाचा दर्जा दिला तो १९९६ साली, हॅरिस मँचेस्टर कॉलेज या नव्या नावाने. तोवर तिच्या स्थापनेला २१० वर्षे झाली होती.