गाडीचा रंग: घासावा किती, राखावा कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

दसरा जवळ आला की गॅरेजांपुढे रबिंग-पॉलिशसाठी गाड्यांची रांग लागते, आणि तासाभरात चकचकीत होऊन बाहेर आलेली गाडी पाहून मालक समाधानाने पैसे मोजतो. ही चकाकी नेमकी कशाच्या बदल्यात मिळाली, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. पॉलिश रंगावर काही चढवत नाही, ते रंगाचा वरचा पदर खरवडून काढते. वॅक्सचे काम याच्या उलट आहे. ते काही काढत नाही, फक्त झाकते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांमध्ये दोन्ही एकत्र असल्यामुळे हा फरक आपल्या लक्षातून निसटतो.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंज रोखणारा पहिला थर, त्यावर प्रायमर, मग गाडीला तिचा रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या साऱ्यांची मिळून जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते, आणि त्यातला क्लिअर कोट अवघा 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. झळाळी याच थराची, आणि उन्हातले अतिनील किरण अडवण्याचे कामही मुख्यतः याच थराचे. दर सणाला रबिंग करून तो विरळ केला की काही वर्षांनी बॉनेटवर आणि टपावर पांढुरके चट्टे उमटतात, पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज राहत नाही.

पॉलिश करावेच लागू नये यासाठी ओरखडे मुळात पडतात कुठून, हे पाहिले पाहिजे. उन्हात तिरके पाहिल्यावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुतांशी रोजच्या पुसण्यातून येतात. आपल्या सोसायट्यांमध्ये पहाटे एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने अनेक गाड्या पुसण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीच्या रंगावर घासली जाते. कोरड्या झटकणीनेही धूळ उडते कमी आणि रंगावरून फरफटते जास्त. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी अधिक काळ चांगली राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग कार शांपू वापरावा. भांड्यांचा साबण वॅक्सही काढून टाकतो. एका बादलीत शांपूचे पाणी आणि दुसरीत फडका खळबळायला साधे पाणी ठेवावे आणि काम टपापासून खाली करत यावे. बोअरचे जड पाणी रंगावर तसेच सुकू दिले तर क्षारांचे गोल डाग राहतात, म्हणून गाडी सावलीत धुऊन लगेच मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यावी.

धुतल्यानंतर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हलकेच हात फिरवून पाहा. नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. ती रंगात रुतून बसलेल्या कणांची असते आणि तिच्यासाठी पॉलिश नव्हे, तर ओली क्ले, म्हणजे रंगावरून फिरवून असे कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी, वापरायची असते. क्ले जमिनीवर पडली तर, कितीही महाग असली तरी, ती टाकून द्यावी, कारण तिला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

एवढे करूनही ओरखडे खुपत असतील, तर आडवे नख फिरवावे. नख अडकले तर ओरखडा पॉलिशने जाण्याच्या पलीकडे खोल गेला आहे. त्याच्यामागे लागणारा माणूस क्लिअर कोट संपवून बेस कोटवर उतरतो. नख अडकत नसेल, तर सर्वांत सौम्य पॉलिशने हातभर जागेत आधी प्रयोग करावा आणि तेवढ्याने भागले तर रबिंग कंपाउंडचा, म्हणजे जास्त घासणाऱ्या खरखरीत पॉलिशचा, डबा उघडूच नये. मशीन वापरायचे झाल्यास नवख्याने एकाच दिशेने गरगरणाऱ्या बफरऐवजी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता डोलणारे, मशीन घ्यावे, कारण त्यात एका जागी उष्णता कमी साठते. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उभार रेषा यांवर रंग पातळ असतो, म्हणून तिथे मास्किंग टेप लावावा. प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता लवकर निघून जात नाही. तिथे विशेष जपावे.

यानंतर वॅक्स. कार्नोबा हे प्रसिद्ध वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते आणि ते वितळायला 80 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. तरीही आपल्याकडचे ऊन आणि पाऊस यांपुढे ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने तग धरते. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम रसायनांचा संरक्षक लेप, त्याहून अधिक टिकते. पत्रा हाताला थंड लागत असतानाच वॅक्स लावावे, आणि तेही अगदी पातळ. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. काळ्या, रंग न दिलेल्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागले तर पांढरे डाग पडतात, म्हणून तेवढा भाग सांभाळावा. पक्ष्यांची विष्ठा वॅक्स असले तरी रंगाला खातेच. ती ओल्या फडक्याने भिजवून, न घासता, त्याच दिवशी उचलावी.

अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागाला मात्र वॅक्सची घाई करू नये. गॅरेजमध्ये दिलेल्या रंगातून द्रावक पूर्ण उडून जायला वेळ लागतो. रंगाच्या प्रकारानुसार एक ते दोन महिने थांबावे, नेमकी मुदत पेंटरलाच विचारावी आणि तोवर तो भाग साध्या पाण्याने धुवावा.