चाप लावलेलं प्रथिन

आमटीवर तेलाचा तवंग येतो. त्यातले दोन ठिपके चमच्याने जवळ ढकलले की क्षणात एक होतात. पेशीचं पटलही मुख्यतः मेदाचंच. मग आपल्या पेशी एकमेकींना खेटून असूनही अशाच एक का होत नाहीत? झाल्या असत्या तर या खुर्च्यांवर आत्ता तुम्ही नाही, नुसते गोळे बसले असते.

त्याचं असं आहे. पटलातले मेदाचे रेणू दोन थरांत उभे असतात. शेपट्या आत, एकमेकींकडे; डोकी बाहेर, पाण्याकडे. या डोक्यांना पाणी घट्ट धरून असतं. दोन पटलं अगदी जवळ आणायची, तर मधलं हे शेवटचं पाणी पिळून काढावं लागतं. अंतर उरलेलं असतं एक-दोन नॅनोमीटरचं, पण सगळं तिथेच अडतं.

आता फ्लूचा विषाणू घ्या. आधीच्या पेशीतून बाहेर पडताना तो तिचंच पटल पांघरून आलेला असतो. नव्या पेशीत शिरायचं, तर ते पांघरूण तिच्या पटलात मिसळलं पाहिजे. पुस्तकांत इथे कुलूप-किल्लीचं चित्र काढतात. मला ते अपुरं वाटतं. विषाणू पेशीला चिकटला, किल्ली बसली, इथवर ठीक. पण पुढे दार नाहीच, सलग भिंत आहे. शिवाय पेशीकडे कामं उरकायला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं चलन असतं. विषाणूच्या खिशात दमडी नाही. मग पाणी पिळायचा जोर कुठून आणायचा?

तो आधीच भरून ठेवलेला असतो. उंदराचा चाप आठवा. जोर आपण लावतो, रात्री झोपण्यापूर्वी. उंदीर फक्त खोबऱ्याचा तुकडा हलवतो.

फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काहीशे खुंट असतात, प्रत्येक खुंट तीन सारख्या साखळ्यांचा. साखळी तयार होते तेव्हा अखंड असते. मग शरीरातलंच एखादं विकर तिला ठरावीक जागी कापतं. दोन तुकडे होतात, पण एकमेकांना सोडत नाहीत. हा काप म्हणजे चाप ओढून लावणं. कापल्यावर मोकळं झालेलं वीसेक अमिनो आम्लांचं टोक पाण्याला बिचकतं आणि खुंटाच्या पोटात दडून बसतं. त्याला फ्यूजन पेप्टाइड म्हणतात.

या कापाकडे जरा थांबून पाहायला हवं. कोंबड्यांच्या नेहमीच्या सौम्य फ्लूला कापणारी विकरं श्वासमार्गात आणि आतड्यात मिळतात, म्हणून तो आजार तेवढ्यापुरता राहतो. पण बर्ड फ्लूच्या एच५ गटातल्या काही विषाणूंमध्ये कापाच्या जागी आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची रांगच असते. ती फ्यूरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्यूरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. मग चाप सगळीकडेच लागतो आणि कोंबडी आठवडाही काढत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला पोल्ट्रीच्या पोल्ट्री रिकाम्या करायला लागल्या, तो एच५एन१ याच जातीचा. एवढा फरक, आणि तोही इवल्याशा जागेत.

असो. चाप सुटतो कसा? पेशी चिकटलेल्या विषाणूला पिशवीत घालून आत ओढते आणि आपल्या सवयीने पिशवी आंबवत नेते. सामू पाचच्या आसपास आला की खुंटाच्या टोप्या बाजूला होतात. आतला एक सैल फासा ताठ होऊन पिळदार दांडा बनतो, आणि दडलेलं टोक सुमारे १० नॅनोमीटर वर फेकलं जाऊन पेशीच्या पटलात रुततं. आता खुंटाचं एक टोक विषाणूत, दुसरं पेशीत. मग खुंट स्वतःचीच घडी घालतो, पुस्तक मिटावं तसा. दोन्ही टोकं शेजारी येतात, आणि त्यांच्यामागून दोन्ही पटलं फरफटत येतात. एकट्या खुंटाचं हे काम नव्हे, शेजारचे दोन-चार लागतात. आधी समोरासमोरचे थर जुळतात, पलीकडचे वेगळेच राहतात. मग तेही जुळतात, भोक पडतं, रुंदावतं, आणि विषाणूची जनुकं आत उतरतात.

चाप लावलेला खुंट वायली, स्केहेल आणि विल्सन यांनी १९८१ साली क्ष-किरणांनी पाहिला. सुटलेला पाहायला १९९४ उजाडलं. स्प्रिंगची कल्पना कार आणि किम यांनी त्याच्या आदल्याच वर्षी मांडली होती. पुढे दिसलं, की आम्लाचा थेंबही न घालता ६० अंशांच्या थोडं वर तापवलं तरी प्रथिन त्याच शेवटच्या आकाराला जातं. हा प्रयोग माझा फार आवडता. जोर आम्लात नव्हताच, आम्ल म्हणजे फक्त उंदीर! आणि समोर पेशीचं पटल नसताना चाप सुटला तर तो फुकट गेला. पुन्हा लावता येत नाही.

लस करणाऱ्यांची अडचण इथेच होती. सुटून गेलेल्या आकाराविरुद्धच्या बहुतेक प्रतिपिंडांचा उपयोग कमी, कारण तोवर काम झालेलं असतं. पकडायचं ते आधीच्या आकाराला, आणि तो तर टिकत नाही. करोनाच्या विषाणूवरचं स्पाइक हेही असंच चाप लावलेलं प्रथिन. मग त्यात बरोबर त्या दांड्याच्या वळणावर दोन प्रोलिन बसवले. प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल, पिळदार दांडा होऊ देत नाही. थोडक्यात पाचर मारली. पुण्यात सीरमने बनवलेल्या कोव्होव्हॅक्समधल्या स्पाइकमध्ये ही पाचर आहे, कोव्हिशील्डमध्ये नव्हती.

एक गोष्ट राहिली. गर्भाच्या वारेचा बाहेरचा थर एकसंध असतो, असंख्य केंद्रकं आणि मध्ये शिवण कुठेच नाही. तो पेशी एकमेकींत मिसळून बनतो, आणि त्यासाठी लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका रेट्रोव्हायरसचं, म्हणजे आपली जनुकं पेशीच्या जनुकांत घुसवणाऱ्या विषाणूचं आहे. अडीच कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत घुसलं आणि राहिलं. हे कळलं २००० साली. उंदरांकडेही सिन्सिटिन आहे, पण ते दुसऱ्याच विषाणूकडून, वेगळं आलेलं. त्यांचं सिन्सिटिन-ए काढून टाकलं, तर वार नीट बनत नाही आणि पिल्लं पोटातच मरतात.