स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग : साहित्य भरपूर, क्रम कोणता?

पडद्यावरचा हा प्रश्न पहिल्या वाचनात साधा वाटतो. 2 लाख संख्या दिलेल्या आहेत, त्यांपैकी कोणत्या दोन संख्यांची बेरीज ठरावीक संख्येइतकी होते ते शोधायचे आहे, आणि प्रोग्रॅमला त्यासाठी 1 सेकंद मिळणार आहे. प्रत्येक जोडी तपासायची म्हटली तर सुमारे 2000 कोटी जोड्या होतात. संगणक सेकंदाला साधारण 10 कोटी साध्या क्रिया करतो असे धरले, तर उत्तर यायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. त्याऐवजी संख्या आधी चढत्या क्रमाने लावल्या आणि एक खूण सुरुवातीला, दुसरी शेवटी ठेवून दोन्ही आतल्या बाजूला सरकवत नेल्या, तर काम 40 लाखांच्या आसपास क्रियांत आटोपते.

हा प्रश्न सीएसईएस या फिनलंडमधील विनामूल्य प्रश्नसंग्रहातला आहे. नव्या विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी, असे आम्हांला वाटते. त्यामागे सबळ कारण आहे. स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग, म्हणजे असे प्रश्न ठरावीक वेळेत प्रोग्रॅम लिहून सोडवण्याची स्पर्धा, शिकण्यासाठी आज साहित्याचा तुटवडा मुळीच नाही. व्हिडिओ, प्रश्नांच्या याद्या आणि पैसे घेऊन चालणारे वर्ग यांची इतकी गर्दी आहे, की चांगल्या महाविद्यालयापासून दूर असलेला विद्यार्थी महिनोन्‌महिने साहित्य गोळा करत राहतो आणि प्रश्न मात्र थोडेच सोडवतो. त्याच्यापाशी नसतो तो क्रम. सीएसईएसमध्ये प्रश्न विषयवार लावलेले आहेत : आधी प्राथमिक, मग क्रमवारी आणि शोध, त्यानंतर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न लहान उपप्रश्नांत मोडून त्यांची उत्तरे साठवत जाणे), ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे) आणि पुढचे विषय. उत्तर चुकले तर ते कोणत्या टेस्ट केसवर, म्हणजे तपासणीच्या कोणत्या नमुन्यावर, चुकले हेही तिथे पाहता येते. या संग्रहाचे कर्ते अंटी लाक्सोनेन यांनी लिहिलेले सुमारे 300 पानांचे हँडबुकही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळते, आणि त्यातील सर्व उदाहरणे सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत आहेत.

हँडबुकची मांडणी आटोपशीर आहे, त्यामुळे काही ठिकाणी अधिक उलगड्याची गरज भासते. तिथे यूएसएको गाइड उपयोगी पडते. अमेरिकेतील संगणक ऑलिंपियाडसाठी तयार झालेल्या या मार्गदर्शिकेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक विषयाखाली सरावाचे प्रश्न आहेत, आणि ती कोणत्याही देशातल्या विद्यार्थ्याला खुली आहे.

वाचन झाले की स्पर्धेत उतरावे लागते. जपानच्या ॲटकोडर या ऑनलाइन स्पर्धांच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठीची स्पर्धा बहुतेक शनिवारी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाचला सुरू होते. रशियातील सारातोव्ह येथे माइक मिर्झायानोव्ह यांनी उभ्या केलेल्या कोडफोर्सेस या अशाच संकेतस्थळाच्या अनेक स्पर्धा आपल्याकडे रात्री 8 वाजून 5 मिनिटांनी सुरू होतात. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने 2009 मध्ये सुरू केलेले कोडशेफ भारतीय विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाचे आहे. कोडफोर्सेसवर प्रश्नांना 800 ते 3500 असे काठिण्याचे आकडे दिलेले असतात. आपल्या रेटिंगपेक्षा, म्हणजे स्पर्धांतील कामगिरीवरून मिळणाऱ्या गुणांकापेक्षा, 100 ते 200 गुणांनी वरचे प्रश्न निवडले, तर सराव फार सोपाही राहत नाही आणि हताशही करत नाही.

मात्र खरे शिक्षण स्पर्धा संपल्यावर होते. जो प्रश्न वेळेत सुटला नाही तो पुन्हा हाती घ्यावा, तास-दीड तास त्यावर प्रामाणिकपणे विचार करावा, मगच एडिटोरियल, म्हणजे स्पर्धेनंतर दिलेले उत्तराचे स्पष्टीकरण, उघडावे, आणि कल्पना कळताच ते बंद करून कोड स्वतः लिहावा. या सवयीला अपसॉल्व्हिंग म्हणतात. ही सवय नसेल, तर कितीही स्पर्धा दिल्या तरी रेटिंग जागचे हलत नाही. दुसऱ्याचा कोड उतरवून मिळालेला ‘उत्तर बरोबर’ असा हिरवा शेरा तर विद्यार्थ्याचे निव्वळ नुकसान करतो, कारण पुढच्या वेळी तोच विचार त्याला सुचत नाही.

शालेय विद्यार्थ्यांसाठी आणखी एक दार आहे, आणि महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये त्याची माहिती फार कमी दिली जाते, याची आम्हांला खंत वाटते. आयआर्क्स ही संस्था भारतीय संगणक ऑलिंपियाड घेते. त्यातील झिओ (झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड) ही पहिल्या टप्प्याची परीक्षा कागदावर सोडवायची असते. म्हणजे घरी संगणक नसलेला, कोड कधी न लिहिलेला विद्यार्थीही केवळ तर्काच्या बळावर तिला बसू शकतो. पुढे राष्ट्रीय फेरी आणि प्रशिक्षण शिबिर यांमधून चार जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी निवडला जातो. ही स्पर्धा 1989 मध्ये बल्गेरियात सुरू झाली आणि भारत तिच्यात 2002 पासून भाग घेतो. या परीक्षांच्या मागील प्रश्नपत्रिका आणि आयआर्क्सचे अभ्याससाहित्य विनामूल्य उपलब्ध आहे.

यातले जवळजवळ सर्व साहित्य इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न समजण्याआधीच भाषेशी झगडावे लागते. हा अडथळा दूर होऊ शकतो, याचे उदाहरण समोर आहे. ई-मॅक्स हे अल्गोरिदमवरील नावाजलेले संकलन मूळ रशियन भाषेत होते. स्वयंसेवकांनी त्याचे इंग्रजी रूपांतर केले, त्यात भर घातली, आणि सीपी-अल्गोरिदम्स या नावाने ते आज जगभर वाचले जाते. त्याचा परवाना मूळ श्रेय देऊन आणि त्याच अटी कायम ठेवून पुढे भाषांतर करण्यास मुभा देतो. मराठीत आधी अनुवाद व्हावा तो द्विभाजन शोध (शोधाची कक्षा दर वेळी निम्मी करत जाणे) आणि ग्राफवरील फिरती (जाळ्यातील सर्व बिंदूंना क्रमाने भेट देणे) या प्रकरणांचा, कारण सीएसईएसचे पहिले टप्पे ओलांडणारा विद्यार्थी बहुधा तिथेच अडतो.