पाईतला पहिला आठवडा: थायलंडच्या डोंगरात मुए थाई शिकताना

(दृश्य: डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, मिनीव्हॅन, दरीत उतरलेलं धुकं)

चियांग माईहून १०९५ क्रमांकाचा रस्ता डोंगर चढत मे होंग सोन प्रांतात शिरतो. पाईपर्यंत साधारण १३० किलोमीटर आणि ७६२ वळणं. हा आकडा पाईच्या बाजारात टी-शर्टांवर छापलेला दिसतो. मिनीव्हॅनला तीन तास लागतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पुढची जागा मागून घ्यावी.

मुए थाई म्हणजे ठोसे, लाथा, गुडघे आणि कोपरं वापरून खेळायचा थाई लढाऊ खेळ. तो शिकवणाऱ्या शिबिराची गोष्ट रस्त्यापासून सुरू करायचं कारण आहे. पुष्कळ जण दुपारी उतरतात, सामान टाकतात आणि चारच्या सत्राला उभे राहतात. रात्रीची झोप झालेली नसते, उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असतं. दोरीवरच्या उड्या संपायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी येते. पोचल्याच्या दिवशी सराव करू नये. जेवावं, पाणी प्यावं, आणि शिबिरात नुसतं जाऊन बसावं. क्रू, म्हणजे तिथले वस्ताद, नवख्याशी कसे वागतात ते तासभर बघावं. महिन्याचे पैसे त्यानंतर भरावेत.

(दृश्य: पत्र्याचं छप्पर, मोकळ्या बाजू, रिंग, रांगेत टांगलेल्या बॅगा)

पाई हे पाई नदीच्या खोऱ्यातलं छोटं गाव. शान, लिसू, करेन आणि युन्नानहून आलेले चिनी लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पाठीवर पिशवी घेऊन फिरणारे प्रवासी नंतर आले, आणि त्यांच्यामागून मुए थाईची शिबिरं उभी राहिली. खोऱ्यात कुंगफूचं निवासी शिबिरही आहे, पण बहुतेकांची पावलं मुए थाईकडेच वळतात.

मुए थाईची राजधानी काही पाई नव्हे. मोठी स्टेडियम बँकॉकला आहेत: राजदाम्नर्न १९४५ पासूनचं, लुंपिनी १९५६ पासूनचं. नावाजलेले लढवय्ये मोठ्या संख्येने ईशान्येकडच्या इसान भागातून येतात. ज्याला व्यावसायिक लढती खेळायच्या आहेत त्याने बँकॉक किंवा निदान चियांग माई गाठावं. पण शून्यापासून सुरुवात करायची असेल, तर पाई उत्तम. वर्गात बरेचसे नवखेच असतात. क्रू तुमच्या पायाचा कोन हाताने धरून सरळ करतात, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो.

कधी जावं, याचं उत्तर स्वच्छ आहे: नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा रात्री थंडी पडते, पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून सकाळी अंग गरम करायला नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त द्यावी लागतात. थंड स्नायूंवर उंच लाथ मारली की मांडीची मागची शीर धरते आणि मग दोन आठवडे गेलेच. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडात शेतातलं आणि जंगलातलं जाळणं चालतं. खोऱ्यात धूर साठून राहतो, समोरचा डोंगर दिसत नाही. अशा हवेत पाच किलोमीटर धावणं म्हणजे छातीला मुद्दाम त्रास देणं. दम्याच्या लोकांनी हे महिने सरळ टाळावेत. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानची सुट्टीही असते. पावसाळ्यात गर्दी नसते, पण मॅट आणि ग्लोव्ह वाळत नाहीत आणि कातडीचे आजार वाढतात.

(दृश्य: सकाळचं सत्र, धावणारे विद्यार्थी, दोरीच्या उड्या)

दिवसात दोन सत्रं होतात, सकाळी आणि चारच्या सुमारास दुपारी, प्रत्येकी दोनेक तासांची. रविवारी बहुधा सुट्टी. आधी धावणं किंवा पंधरा-वीस मिनिटं दोरीच्या उड्या. काही जण गावाबाहेरच्या मे येन मंदिराकडे पळतात आणि पांढऱ्या बुद्धमूर्तीपर्यंतच्या साडेतीनशेच्या वर पायऱ्या चढतात. मग ताण देणं, आरशासमोर सावलीशी खेळणं, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे-लाथा मारणं, बॅग, क्रूंच्या हातातल्या पॅडवर तीन ते पाच फेऱ्या, क्लिंच, म्हणजे उभ्या उभ्या धरून झटापट, आणि शेवटी पोटाचे व्यायाम.

आता महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच सत्र करावं. दमसास लवकर वाढतो, दहा-बारा दिवसांत फरक जाणवतो, पण स्नायूबंध, हाडं आणि कातडी दमसासाच्या वेगाने तयार होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उत्साह जोरात असतो आणि घोटा, नडगी, तळपाय मागे पडलेले असतात. माणसं तिथेच मोडतात. महिनाभरासाठी आलेला माणूस दहाव्या दिवशी नदीकाठच्या झोपाळ्यात पाय वर करून बसलेला दिसतो, तो याच हिशेबात चुकलेला असतो.

(दृश्य: एकच लाथ, संथ गतीत, आधाराच्या पायावर कॅमेरा)

ही लाथ नीट बघा. उजव्या पायाने मारायची असेल तर डावा पाय आधी तिरका, बाहेरच्या बाजूला पडतो. टाच उचलते आणि शरीर चवड्यावर फिरतं. उजवा हात मांडीच्या बाजूने खाली झोकला जातो, डावा हात चेहऱ्यापाशी राहतो. कंबर उलटून पलीकडे जाते आणि तिच्यामागून पाय येतो. लागते ती नडगी, तिचा खालचा अर्धा भाग. पाऊल लागता कामा नये. पावलावरची हाडं बारीक असतात, पॅडवर दोन वेळा पाऊल आपटलं की चालताना लंगडावं लागतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते. आधाराचा पाय जमिनीला चिकटून राहतो आणि वरचं शरीर फिरतं. ती सगळी पीळ गुडघ्यात जाते. म्हणून चांगले क्रू पहिले दोन दिवस जोर लावूच देत नाहीत. लाथ मारून झाल्यावर डाव्या पावलाची टाच लक्ष्याकडे वळली आहे का, एवढंच ते बघतात. ती वळलेली नसेल, तर लाथ कितीही जोरात लागो, ते मान हलवतात.

पाऊल फिरायला लागलं की चवड्यावर फोड येतात. हे सगळ्यांनाच होतं. फोड अखंड असेल तर फोडू नये, वर चिकटपट्टी लावून सराव चालू ठेवता येतो. कातडी निघाली असेल तर जागा धुवावी, कोरडी करावी, आणि दोन दिवस फक्त हातांचा सराव करावा. मॅटवर उघडी जखम घेऊन उतरणं स्वतःसाठीही वाईट आणि दुसऱ्यासाठीही.

(दृश्य: लांब बॅग, तिच्या खालच्या भागावर हात दाबून दाखवणारे क्रू)

ही लांब बॅग कापडाच्या चिंध्यांनी भरलेली असते. वापरून वापरून भराव खाली बसतो. वरचा भाग मऊ राहतो, तळ दगडासारखा होतो. नवख्याने मधोमध मारावं. समोरच्याच्या मांडीवर मारायच्या खालच्या लाथेचा सराव तळाच्या टोकावर करत बसू नये.

नडगी कठीण करायला बाटली फिरवा, काठीने ठोका, असे सल्ले सर्रास मिळतात. एकही ऐकू नका. हाड घट्ट होतं ते महिनोन्‌महिने बॅग आणि पॅड मारून, हळूहळू. सुरुवातीला नडगीवर टेंगळं येतात, निळंकाळं पडतं, ते आठवडाभरात ओसरतं. पण एका बोटाएवढ्याच जागी दाबल्यावर कळ येते, रात्री पडल्या पडल्याही दुखतं, दिवसागणिक वाढतं, असं असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तेव्हा थांबायचं आणि एक्स-रे काढायचा. सुरुवातीचा तडा एक्स-रेत दिसतोच असं नाही, म्हणून फोटो चांगला आला तरी दुखणं जाईपर्यंत लाथा बंद.

तिथे सगळे जे पिवळं तेल चोळतात त्याला नाम मन मुए म्हणतात. त्यात मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. सरावाआधी नडगीवर, मांडीवर, खांद्यावर चोळायचं. फोडावर नको, डोळ्यांच्या आसपास नको, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच नको, आग आग होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

(दृश्य: हाताला पट्टी बांधताना, जवळून)

पट्टी साधारण साडेचार मीटरची घ्यावी. फास अंगठ्यात, मनगटाभोवती तीन वेढे, मुठीच्या गाठींवर तीन, मग बोटांच्या फटींतून एकेक करत परत मनगटावर. बांधताना बोटं फाकवून ठेवायची. मिटून बांधली तर मूठ वळल्यावर पट्टी काचते आणि दुसऱ्या फेरीत बोटं बधिर होतात. मनगटावर सैल सोडली तर ठोसा किंचित वाकडा पडताच मनगट मुरगळतं. पट्ट्यांचे दोन जोड न्यावेत, एक धुऊन वाळत असताना दुसरा हातात. ग्लोव्ह शिबिरात मिळतात, पण त्यात शंभर जणांचा घाम मुरलेला असतो. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर स्वतःचे घ्या. बॅग आणि पॅडसाठी बारा किंवा चौदा औंस, स्पॅरिंगसाठी, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत खेळायला, सोळा. दातांचं माउथगार्ड घरून बसवून न्यावं.

क्लिंच म्हणजे गळ्याला धरून उभ्या उभ्या चाललेली झटापट. आपल्याकडे लाल मातीत खेळलेल्याला ती लवकर समजते, कारण तोल कुणाचा जातो आहे हे छातीला कळतं, डोळ्यांना नाही. हात मानेवर नव्हे, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर. एक तळवा दुसऱ्यावर, बोटं एकमेकांत गुंतवायची नाहीत, गुंतवली तर पडताना मोडतात. कोपरं आत, कंबर समोरच्याला चिकटलेली, नजर वर. खाली बघितलं की मान गेली आणि पाठोपाठ गुडघा आला.

क्लिंचमध्ये कातडीला कातडी घासते, आणि गजकर्ण असंच पसरतं. सत्र संपल्यावर अर्ध्या तासात साबणाने अंघोळ, टॉवेल स्वतःचा. गोल, कडा लाल, खाज येणारा चट्टा दिसला तर बुरशीवरचं मलम लावावं, स्टेरॉइड असलेलं लावू नये, त्याने चट्टा दबतो आणि पसरतो. लाल, गरम, पू धरलेली सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

(दृश्य: पाण्याची बाटली, मीठ-साखर, बाजारातली जेवणाची गाडी)

एका सत्रात लिटरभर घाम सहज जातो. नुसतं पाणी ढोसलं तर मीठ भरून निघत नाही. क्षारांच्या पुड्या पाईतल्या दुकानांत मिळतात. नसतील तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, तर तो साधा थकवा नव्हे. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर येतं, आणि तासही न दवडता रुग्णालय गाठावं लागतं.

शाकाहारी मराठी माणसाने एक लक्षात ठेवावं. थाई स्वयंपाकात माशांचं पाणी, म्हणजे नाम प्ला, भाजीतही पडतं. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं असलेली 'जे' पाटी दिसली तर तिथे मांस-मासे-अंडी काही नाही, कांदा-लसूणही नाही. अंडी चालत असतील तर 'मांगसाविरात' म्हणावं. भात, टोफू, अंडी, शेंगदाणे आणि केळी यांवर सराव नीट निभतो.

सराव अर्धवट सुटण्याचं एक मोठं कारण मात्र रिंगबाहेर आहे. भाड्याची स्कूटर. वळणावरच्या खडीवरून घसरून गुडघे-कोपरं सोललेले प्रवासी पाईच्या रस्त्यावर रोज दिसतात. दुचाकीचा परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर विमा कंपनी दावा फेटाळते. लढाऊ खेळातली दुखापत अनेक पॉलिसींत वगळलेली असते, ती ओळ निघण्याआधी वाचावी. शिबिराजवळ खोली घेतली तर स्कूटरची गरजच उरत नाही.

(दृश्य: क्रूंना हात जोडणारे विद्यार्थी, रिंगची दोरी)

रीतभात थोडकी पण पक्की. चपला बाहेर. रिंगमध्ये शिरताना आणि सत्र संपल्यावर क्रूंना हात जोडून वाय, म्हणजे थाई नमस्कार. बसलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. काही ठिकाणी बायकांनी खालच्या दोरीखालून रिंगमध्ये जायचा जुना संकेत अजून पाळतात. लुंपिनीच्या रिंगमध्ये स्त्रियांची लढत २०२१ मध्ये पहिल्यांदा झाली. पाईच्या शिबिरांत मात्र बाया-पुरुष एकाच मॅटवर, एकाच क्रूंकडे शिकतात.

जास्त दिवस राहायचं असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) मुए थाई शिकणाऱ्यांना मिळू शकतो: पाच वर्षांची मुदत, एका खेपेला १८० दिवस, खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात आणि शिबिराचं पत्र लागतं. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा. बिनव्हिसा राहण्याचे दिवस सरकार बदलत असतं, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघावेत. डिजिटल आगमन कार्ड प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं.

(दृश्य: रात्रीची लढत, क्रू विद्यार्थ्याच्या दंडाला पट्टी बांधताना)

महिना उलटला की कुणीतरी विचारतं, लढणार का? पूर्ण लढत पाच फेऱ्यांची, तीन-तीन मिनिटांची, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. गुण ठोशांपेक्षा अंगावरच्या लाथेला आणि गुडघ्याला जास्त. पॅडवर पाच फेऱ्या पुऱ्या पडतात म्हणजे लढता येतं असं नाही, कारण पॅड उलट मारत नाही. आठवड्यात निदान तीनदा हलकं स्पॅरिंग, तेही कित्येक आठवडे, आणि क्रूंनी स्वतःहून होकार दिलेला, हे दोन्ही नसेल तर नाही म्हणावं. समोरच्याचं वजन आणि आधीच्या लढती विचाराव्यात. एकेकदा पाहुण्यासमोर पन्नास लढती खेळलेला मुलगा उभा केला जातो. आणि सरावात किंवा लढतीत डोक्याला मार बसून क्षणभर जरी शुद्ध हरपली, मळमळ झाली, उजेड सहन होईना, तर त्या दिवशीच ग्लोव्ह उतरवायचे. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग नाही, स्कूटर नाही, दारू नाही, आणि पहिली रात्र खोलीत एकट्याने झोपायचं नाही.