जिथून उजेड, तिथून आवाज

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, पार्टिशन आणि फॉल्स सीलिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली या धंद्यात, आणि आज मला जिप्समच्या भिंतीबद्दल बोलायचंय. बोटाने वाजवली की ढब ढब वाजते ना, ती भिंत. ती वाजली की लोकांचं तोंडच उतरतं, म्हणतात पोकळ आहे हो, ही काय टिकणार. टिकते. नीट केली तर वीस वर्षं टिकते, मी स्वतः केलेल्या उभ्या आहेत. नीट केली तर, एवढंच लक्षात ठेवा.

जिप्सम काय असतं हे आपल्या शिरोळ-मिरज भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको, चोपण जमिनीत पोत्यांनी टाकतात तेच ते. आपल्या देशात ते जास्त करून राजस्थानातून निघतं. ते भाजलं की पीओपी, पीओपीत पाणी घातलं की परत दगड, आणि तोच दगड दोन जाड कागदांच्या मधे पसरवून वाळवला की झाला बोर्ड. अमेरिकेत १८९४ साली सॅकेट नावाच्या माणसाने असल्या बोर्डाचं पेटंट घेतलं, आज तिकडे घराघरात याच भिंती आहेत, आपली जी पोरं तिकडे राहतात त्यांना विचारा, फोटो टांगायच्या आधी भिंत ठोकून आतला वासा कुठाय ते शोधतात. तिकडे आत लाकूड असतं, आपल्याकडे पत्र्याचे चॅनेल. आणि आगीचं म्हणाल तर या दगडाच्या वजनात जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी बांधलेलं असतं, आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं, तोवर पलीकडची बाजू फारशी तापत नाही. प्लायवूडच्या पार्टिशनला हे जमत नाही, म्हणून मी ऑफिसवाल्यांना प्लायचा आग्रह सोडा म्हणून सांगतो.

भिंत उभी कशी करतात ते थोडक्यात सांगतो, कारण मला खरं पुढचं सांगायचंय. खाली फरशीला एक चॅनेल, वर स्लॅबला एक चॅनेल, वर स्लॅबला म्हणालो मी, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मधे दर २ फुटांवर उभे स्टड, म्हणजे पत्र्याचे खांब, मग एका बाजूने बोर्ड, आत वायर आणि रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, मग दुसऱ्या बाजूने बोर्ड. बोर्ड साडेबारा एमएमचा, ६ बाय ४ फुटांचा एक नग साधारण १८-२० किलो भरतो. खाली फरशीपासून बोटभर नाही, त्याहून कमी, १० एमएम बोर्ड वर उचलून लावायचा, कारण आपल्याकडे रोज फरशी पुसतात आणि खाली टेकलेला बोर्ड ते पाणी उसासारखं ओढून घेतो.

आता ब्राह्मणपुरीतलं एक घर सांगतो. सहा-सात वर्षं झाली असतील. गाण्याच्या बाई, घरातच क्लास, संध्याकाळी दहा-बारा मुली, पेटी, तबला, सगळं. आणि त्यांची मुलगी सीएची परीक्षा देत होती. हॉल मोठा, म्हणून हॉलच्याच एका बाजूला भिंत घालून मुलीला अभ्यासाची खोली करून द्यायची. वीटकाम नको, दुसरा मजला, वजन नको, धूळ नको. मला बोलावलं. मी म्हणालो बाई, आत रॉकवूल भरून देतो, आवाज येणार नाही. शब्द दिला. तीन दिवसात भिंत उभी, चौथ्या-पाचव्या दिवशी जॉइंट वाळले, रंगवाला येऊन गेला, सुंदर दिसत होती.

आठ दिवसांनी बाईंचा फोन. अहो मिस्त्री, आमची ताई म्हणतेय आवाज तसाच येतोय. मी गेलो, आत बसलो, बाहेर क्लास चालू. तसाच नव्हता पण होता, बाईंचे शब्दसुद्धा कळत होते, कुठल्या मुलीला ओरडल्या ते कळत होतं. मला वाटलं बोर्ड कमी पडला. म्हणून दोन्ही बाजूंनी अजून एक एक बोर्ड चढवला, परत जॉइंटला टेप, परत मसाल्याचे तीन हात, परत रंग. आणि फरक? काही नाही. मुलगी काही बोलली नाही, नुसती कानात कापूस घालून बसली होती. तो कापूस बघून मला रात्री झोप आली नाही, खरं सांगतो. शब्द दिला होता मी.

परत गेलो. मे महिना, संध्याकाळची वेळ, वळवाचं वातावरण, मुली सतरंजीवर बसलेल्या, मी भिंतीला कान लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकतोय आणि वारं सुटलं आणि लाईट गेली. क्लास थांबला नाही. का थांबला नाही, तर बाईंकडे खरा तंबोरा होता. इथे मला एक बोलू द्या. मिरजेत राहून मोबाइलवरचा तंबोरा लावून रियाज करणारे लोक मी बघतो आणि मला वाईट वाटतं. आपल्या गावातल्या गल्लीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरत बसलीत, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपणच फोन लावायचा? घ्या एक घरात, हप्त्याने घ्या. असो.

तर अंधार, तंबोरा चालू, आणि आत ताईने चार्जिंगचा बल्ब लावला. आणि मी बघतोय तर अंधारात भिंतीच्या तळाला, स्कर्टिंगच्या वर, एक उजेडाची रेघ. केसाएवढी, पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी दोरी ताणून ठेवल्यासारखी. आणि स्विचबोर्डाच्या कडेने एक चौकट, तीही उजळलेली. मी तिथेच खाली बसलो, रेघेला कान लावला आणि मला आतल्या ताईच्या वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं. बाहेरचा आवाज आत जात होता तिथूनच आतला बाहेर येत होता. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. परत सांगतो, जिथून उजेड येतो तिथून आवाज येतो. चार थर बोर्ड लावा नाहीतर आठ लावा.

मघाशी सांगितलेली ती १० एमएमची फट, ती सोडायचीच असते, पण ती मोकळी सोडायची नसते, दोन्ही बाजूंनी सिलंटने, म्हणजे फटी बुजवायच्या लवचिक मसाल्याने, भरायची असते. माझ्या पोरांनी त्यावर नुसतं स्कर्टिंग चिकटवलं होतं आणि मी ते तपासलं नव्हतं. आणि स्विचबोर्ड. इकडचा बॉक्स आणि तिकडचा बॉक्स एकाच जागी पाठीला पाठ लावून बसवलेले, वायर वाचावी म्हणून. म्हणजे भिंतीला आरपार भोकच. दुसऱ्या दिवशी स्कर्टिंग काढलं, फट भरली, एक बॉक्स दोन फूट बाजूला स्टडच्या पलीकडच्या खणात नेला, जुन्या जागेवर रॉकवूल दाबून बोर्डाचा तुकडा बसवला. संध्याकाळी ताई म्हणाली, काका, शब्द गेले, पण डग्गा येतोय.

डग्ग्याचा घुमार असतोच तसा. जाड खालचा आवाज अडवणं सगळ्यात अवघड, हे बरोबर आहे, पण मला पटेना, कारण तो भिंतीतून येतोय असं वाटतच नव्हतं. तो वरून येत होता. मी आत खुर्चीवर उभा राहिलो, सीलिंगमधला एक लाईट खाली ओढून काढला, त्या भोकातून हात घालून टॉर्च लावली, आणि बाईंना म्हणालो हॉलमधले दिवे बंद करा आणि वर बघा. बाई म्हणाल्या, अहो, इथल्या लाइटच्या कडा उजळल्यात की.

म्हणजे काय झालं होतं बघा. हॉलला आधीपासून फॉल्स सीलिंग होतं. ते तोडायला नको, खर्च वाढेल, म्हणून मी भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच नेली होती, स्लॅबपर्यंत नेली नव्हती. वरची सव्वा फुटाची पोकळी दोन्ही खोल्यांना एकच. डग्गा हॉलमधून वर चढत होता, पोकळीतून चालत येत होता आणि ताईच्या डोक्यावर उतरत होता. चूक माझी होती. मग सीलिंगची फूटभर पट्टी कापली, स्टड वाढवून स्लॅबला भिडवले, रॉकवूल, दोन्ही बाजूंनी बोर्ड, स्लॅबशी सिलंट, सीलिंग परत जोडलं. दोन दिवस गेले. त्या दुसऱ्या थराचे आणि या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत, बाई देत होत्या.

मग बाईंनी क्लास लावला आणि मी आत ताईबरोबर बसलो. पंखा ऐकू येत होता. तिची पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज ऐकू येत होता. डग्गा कान देऊन ऐकला तर लांब कुठेतरी, शेजारच्या गल्लीत असल्यासारखा. तिने कानातला कापूस काढून टेबलावर ठेवला.

वेळ बघतो... हो, आहे अजून थोडा. भावाचं सांगतो, कारण फोन सगळ्यात जास्त त्याचेच येतात. आमच्या भागात सध्या साधी सीलिंग मटेरियलसकट स्क्वेअर फुटाला ७० ते १०० रुपये, साधं पार्टिशन ११० ते १५०, आणि रॉकवूल, डबल बोर्ड असं सगळं घेतलं तर २०० च्या पुढे. १० बाय १० ची भिंत म्हणजे १०० स्क्वेअर फूट, एक ब्रास. तिला कापाकापी धरून एका बाजूला ५ बोर्ड, दोन्ही बाजूंना १०, आणि उभे स्टड ६. हे घरी बसून मोजता येतं, मोजा. आणि भाव ठरवताना एक प्रश्न विचारा, हा भाव दोन्ही बाजूंचा धरून आहे की एका बाजूचा? निम्मी भांडणं इथे होतात. दुसरा प्रश्न, दरवाज्याची जागा वजा होणार की नाही? तिसरा, सीलिंगमधल्या उभ्या पट्ट्या, कोव्ह, म्हणजे दिवे लपवायच्या खाचा, ते रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळे लावणार का? कागदावर लिहून घ्या. आणि एखादा दहा रुपयांनी स्वस्त सांगत असेल तर ते दहा रुपये कुठून येतात ते सांगतो, स्टड दोनाऐवजी तीन फुटांवर जातात, पत्रा पातळ येतो, टेप गायब होते. रंग लागल्यावर यातलं काही दिसत नाही. म्हणून बोर्ड एका बाजूने लागला आणि आत फ्रेम दिसतेय तेव्हा जाऊन बघा, मोबाइलने फोटो काढून ठेवा. टीव्ही कुठे येणार, कपाट कुठे येणार ते तेव्हाच सांगा, म्हणजे आत प्लायचा तुकडा बसवता येतो. नंतर नुसत्या बोर्डावर ५५ इंची टीव्ही लटकवायचा नाही. एवढा मोठा टीव्ही दहा फुटी खोलीत कशाला हवा हे मला कळत नाही, डोळ्यांचं काय, पण घ्यायचाच तर प्लाय घाला.

टेपचं परत सांगतो. दोन बोर्डांचा जॉइंट नुसत्या पुट्टीने किंवा पीओपीने भरला तर एका उन्हाळ्यात केसासारखा तडा जातो. आधी जॉइंट कंपाऊंड, म्हणजे जॉइंट भरायचा मसाला, त्यात टेप दाबायची, वर दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, पावसाळ्यात जास्त वेळ द्या. टेप आणि वाळवण, टेप आणि वाळवण. स्क्रू बघायचा असेल तर पुट्टीचा पत्रा भिंतीवरून फिरवा, टक्क वाजला तर स्क्रूचं डोकं वर आहे. आणि फार खोल गेला, कागद फाटला, तर तो स्क्रू काही धरत नाही, शेजारी दुसरा मारायला सांगा.

दुरुस्ती सोपी असते. मुलांनी बॉल मारून भोक पाडलं, कपाट सरकवताना कोपरा आत गेला, तर फाटका भाग चौकोनी कापून काढा, आत एक लाकडी पट्टी आडवी घालून दोन्ही कडांना स्क्रूने अडकवा, त्या मापाचा तुकडा पट्टीवर बसवा, चारी बाजूंनी टेप, कंपाऊंड, पॉलिश पेपर, रंग. अर्ध्या दिवसाचं काम. आणि पाण्याचा डाग आला असेल तर आधी वरचा नळ दुरुस्त, मग बोर्ड. बोर्ड अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर तेवढा भाग कापूनच टाका, वरून रंग मारू नका, आत बुरशी धरते आणि वास येतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आम्ही कितीतरी दुकानांतून असे बोर्ड काढले, पाणी चढलं होतं तिथपर्यंत कापून भागत नव्हतं, बोर्ड पाणी वर ओढतो, म्हणून ओल संपते त्याच्याही फूटभर वरून कापायचं.

आणि आज रात्री तुमच्या घरात असं पार्टिशन असेल तर एका खोलीतले दिवे लावा, दुसरीतले बंद करा, दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग आधी खाली बघा, मग स्विचबोर्ड, मग वर. रेघ दिसली तर पेन्सिलने खूण करून ठेवा, तुमच्या मिस्त्रीला तिथेच हात घालता येईल. नमस्कार.