उसातली कात्री

(दृश्य : पहाटेचं गुऱ्हाळ. धुक्यात मिसळलेला धूर. चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या.)

पहाटेचे साडेपाच. पंचगंगेकाठचं धुकं अजून उठलेलं नाही, पण चुलवाण पेटलंय. ट्रॉलीतून ऊस उतरतोय. गुळव्या मामा त्यातलं एक कांडं उचलतात, कापलेलं टोक उजेडाकडे धरतात आणि ट्रॉलीवाल्याला विचारतात, "कधी तोडलाय ह्यो?"

"परवा, मामा."

"मग ढेप कडक बसायची न्हाई आज."

परवाचा ऊस आणि आजचा ऊस शेजारी ठेवले तर तुम्हा-आम्हाला फरक कळणार नाही. मामांना कळतो. या दोन दिवसांत उसाच्या आत काय झालं, ते बघायला आपण आलोय.

(दृश्य : कांडं दातांनी सोलणारा मुलगा.)

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांची ही बांधलेली जोडी. उसाच्या पेशींत एक प्रथिन असतं, इन्व्हर्टेज नावाचं. ते पाण्याचा एक रेणू मधे घालून ही जोडी तोडतं. जोडी सुटली की गोडी जात नाही, पण गूळ बिघडतो. सुट्या साखरांचे कण सहज धरत नाहीत आणि त्या हवेतलं पाणी ओढतात. म्हणून शिळ्या उसाचा गूळ मऊ राहतो, पावसाळ्यात तर पाझरायलाच लागतो.

अशा कामगार प्रथिनांना शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, बाकी सगळे एन्झाइम म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, पण त्याचा वेग लक्षात घ्या. शिवजन्माच्या वेळी कुणी शुद्ध, जंतू नसलेल्या पाण्यात साखर विरघळवून, भांडं झाकून ठेवलं असतं, तर साध्या तापमानाला आज त्यातली निम्म्याहून जास्त साखर जशीच्या तशी सापडली असती. सुक्रोज आपणहून तुटायला इतकं चिवट आहे. आणि यीस्टमधल्या इन्व्हर्टेजचा एक रेणू ही जोडी सेकंदाला हजारो वेळा तोडतो. स्वतः मात्र झिजत नाही.

हे जमतं कसं? त्या प्रथिनाच्या घडीत एक खाच असते. सुक्रोज तिच्यात नेमकं बसतं. खाचेतली दोन आम्लधर्मी अमिनो आम्लं जोडीचा सांधा दोन्हीकडून धरतात. एक त्यावर हल्ला करतं, दुसरं हायड्रोजन पुरवतं. एरवी जो बंध तोडायला डोंगर चढावा लागला असता, तिथे खिंड सापडते.

१८९४ मध्ये एमिल फिशर म्हणाला, हे कुलूप-किल्लीसारखं आहे. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंडनं त्यात दुरुस्ती केली. त्याच्या मते किल्ली आत शिरताना कुलूपही थोडं वळतं. आम्हा कोल्हापूरकरांना हे समजवायला कुलूप कशाला हवं? नवी चप्पल पायात घाला. आधी चावते, मग पायाचा आकार घेते. फक्त चपलेला आठवडा लागतो, एन्झाइमला सेकंदाचा बारीकसा तुकडा पुरतो.

(दृश्य : कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पोलरीमीटर, प्रकाशाचं वळण मोजणारं यंत्र. मग गव्हाणीसमोर ट्रॅक्टरांची रांग.)

या एन्झाइमचा मान मोठा आहे. १९१३ मध्ये बर्लिनला लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी एन्झाइमच्या वेगाचं गणित मांडलं, ते याच इन्व्हर्टेजवर. मेंटेन कॅनडाहून आलेल्या डॉक्टर होत्या. सुक्रोजचं द्रावण एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं ते प्रतल उजवीकडे वळवतं. जोड्या तुटत गेल्या की ते डावीकडे वळू लागतं. हे उलटणं म्हणजेच इन्व्हर्शन, नाव तिथून आलं. ऊस किती गोड हे ठरवायला साखर कारखान्यांत आजही प्रकाशाचं हेच वळण मोजतात.

मायकेलिस-मेंटेन यांचं गणित समजायला गव्हाणीपाशी उभं राहावं. गाड्या तुरळक असतील तर जितक्या येतील तितकं गाळप. पण रांग पार रस्त्यापर्यंत गेली म्हणून गाळप वाढत नाही, कारण रोलर तेवढेच. एन्झाइमच्या खाचा भरल्या की साखर कितीही ओता, वेग तिथेच अडतो.

पण खरी मौज पुढे आहे. कात्री जर इतकी धारदार, तर शेतात उभ्या उसात साखर साठतेच कशी?

(दृश्य : उभा ऊस, बुडख्यापासून शेंड्याकडे सरकणारा कॅमेरा.)

उत्तर प्रत्येक पोराला ठाऊक आहे. बुडख्याकडचं कांडं गोड, शेंड्याकडचं पाणचट. शेंड्याची पेरं कोवळी, वाढती. त्यांना साखर साठवायची नसते, खर्चायची असते. तिथे आम्लात चालणारं इन्व्हर्टेज भरपूर असतं. पेर जून झालं की वनस्पती ते बनवणं आवरतं घेते, कात्र्या कमी होतात आणि सुक्रोज साठू लागतं. दुसरा लगाम खाचेतच आहे. तुटून निघालेलं फ्रुक्टोज त्याच खाचेत अडून बसतं आणि पुढच्या सुक्रोजची वाट अडवतं. शिवाय वनस्पतींत इन्व्हर्टेजला चिकटून त्याला गप्प बसवणारी वेगळी प्रथिनंही सापडली आहेत.

तोडीआधी पाणी तोडायचं, ही शेतकऱ्याची जुनी रीत. पाणी तुटलं की वाढ थांबते, वाढ थांबली की इन्व्हर्टेज उतरतं. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, वाढतो. एन्झाइमचं नाव न घेता शेतकरी एन्झाइमला आवर घालत आलाय.

आणि कोयता लागला की हा सगळा बंदोबस्त मोडतो. ऊस सुकू लागतो, इन्व्हर्टेज पुन्हा जोर धरतं. कापलेल्या तोंडातून जंतू शिरतात, ते आपली एन्झाइमं घेऊन येतात. ऊन जितकं कडक, तितका सगळ्याचा वेग जास्त.

(दृश्य : खासबाग मैदान. लाल माती.)

असा आवर आपल्याही अंगात आहे. कुस्ती लागायच्या आधी पैलवान मांडीवर थाप मारतो, तेव्हाच रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरलेलं असतं. त्याच्या इशाऱ्यावर स्नायूतल्या फॉस्फोरिलेज या एन्झाइमला फॉस्फेटचा गट चिकटतो आणि साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा, सुटू लागतं. गट काढला की काम मंदावतं. ही कळ एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी शोधली. १९९२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. दुसरीकडे, पेशीत ऊर्जा, म्हणजे एटीपी, पुरेशी झाली की तीच ग्लुकोज जाळणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम मंद करते. एटीपी त्याच्या मुख्य खाचेव्यतिरिक्त दुसऱ्याच जागी जाऊन बसतो आणि घडीच बदलतो. डाव जिंकण्याइतकाच दम राखणंही महत्त्वाचं, हे तालमीत वस्ताद वेगळ्या शब्दांत सांगतात.

(दृश्य : काहील. उकळणारा रस, वर आलेली मळी.)

गुऱ्हाळात परत येऊ. काहिलीतला रस तापला की इन्व्हर्टेजची घडी उसकटते आणि कात्री कायमची मोडते. पण बेफिकीर राहून चालत नाही. रस आंबट असेल तर नुसती उष्णताही सुक्रोज तोडते, तिला एन्झाइम लागत नाही. म्हणून चुन्याची निवळी. भेंडीच्या चिकट पाण्यात मळी अडकून वर येते, ती झाऱ्यानं काढायची. पाक साधारण ११६ ते ११८ अंशांवर आला की मामा त्याचा थेंब पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी करतात. थर्मामीटर शेजारी टांगलेलाय. त्याच्याकडे ते बघत नाहीत.

आजची गोळी जरा मऊच होते. मामा काही बोलत नाहीत.

(दृश्य : संध्याकाळ. आवारात उरलेल्या मोळ्या.)

दिवसाचं शेवटचं आधण उतरलं. चार मोळ्या उरल्यात, त्यांची पाळी उद्या. मामा पोराला हाक मारतात. तो मोळ्यांवर पाचटाचा जाड थर पसरतो, वर बादलीनं पाणी शिंपडतो.

"गार ऱ्हायला पायजे रात्रभर," मामा म्हणतात आणि हात धुवायला वळतात.