उजवी बाजू

(दृश्य: पहाटेचा शून्य मैल. रिकामा रस्ता, वालुकाश्माचा खांब, चार घोडे. फक्त पाखरांचा आवाज.)

नागपूरचा शून्य मैल. हा खांब आणि त्याच्या सोबतीला चार घोडे. हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल... इथून कोणतं गाव किती मैल, ते दगडावर कोरलेलं आहे. भाऊंनी या घोड्यांचे फोटो किती काढले असतील, त्याचा हिशोब नाही. महाल भागातल्या त्यांच्या स्टुडिओत मी कामाला लागलो तेव्हापासून पाहतोय, नवी लेन्स आली की तिची पहिली परीक्षा इथेच व्हायची.

(दृश्य: पडद्यावर एक स्थिर फोटो.)

हा फोटोही इथलाच. लकवा झाल्यानंतरचा पहिला. डावीकडे खांब आणि घोडे नीट बसलेत. उजव्या अर्ध्यात मात्र एका सायकलवाल्याची पाठ, विजेचा खांब आणि माझा कोपर. असा फोटो भाऊंनी उभ्या आयुष्यात कोणत्या गिऱ्हाइकाला दिला नसता. तो काढून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर आला न?"

मी हो म्हणालो. ते माझं चुकलं.

(दृश्य: स्टुडिओची बंद शटर. जिन्यावर ठेवलेली काठी.)

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली सकाळ. भाऊ झोपेतून उठले तर उजवा हात जड, जीभ जड. अंगाखाली दबला असेल, थंडी लागली असेल, असं म्हणून वहिनींनी तेल गरम केलं. मला फोन आला, मी पोहोचलो आणि मीही हात चोळत बसलो. चांगला तासभर. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी स्कॅन करून. झोपेतच सुरू झालेल्या दुखण्याचे तास कुठून मोजणार? भाऊंना ते देता आलं नाही. आमच्या त्या एका तासानं काय फरक पडला, ते मला कोणी सांगू शकत नाही, पण तो तास मी विसरलेलो नाही. म्हणून इथे थांबून सांगतो: तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळायला लागलं, तर तेल गरम करू नका. गाडी काढा.

(दृश्य: जेवणाचं ताट, वरून.)

हात-पाय गेले, ते सगळ्यांना दिसत होतं. नजरेचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. ताटात डावीकडची चटणी, लोणचं, कोशिंबीर संपायची आणि उजवीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची. वहिनींना वाटायचं, तोंडाला चव नाही. पेपर वाचताना ते ओळीच्या मध्येच अडायचे. आम्हाला वाटायचं, शब्द अडतो आहे.

डोळे तपासले तर दोन्ही चांगले निघाले. बिघाड डोळ्यांत नव्हताच. आपण समजतो, उजव्या डोळ्याला उजवीकडचं दिसतं. तसं नसतं. दोन्ही डोळ्यांना दिसणारं उजव्या बाजूचं जग मेंदूच्या डाव्या भागात पोहोचतं. तिथल्या रस्त्याला धक्का बसला की दोन्ही डोळ्यांची अर्धी-अर्धी नजर एकदम जाते. एक डोळा मिटला, दुसरा उघडला, तरी तेवढंच. आणि तिथे काळोखही दिसत नाही. आपल्या डोक्यामागे आपल्याला काळोख थोडाच दिसतो? तिथे काही दिसतच नाही, आणि म्हणून तिथे काही नाहीच असं वाटतं.

फोटोग्राफरसाठी याचा अर्थ काय, ते शून्य मैलाच्या त्या फोटोत आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर भाऊंना चौकटीचा डावा अर्धा भाग दिसत होता. तेवढीच चौकट, असं धरून त्यांनी घोडे त्यात बसवले. उरलेला अर्धा फोटो कॅमेऱ्यानं एकट्यानं काढला.

(दृश्य: गॅलरीत कपडे वाळवायची दोरी. भाऊंचा उजवा हात, चिमटा दाबताना.)

आधी हात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी चिमटे दाबायला सांगितलं होतं. भाऊंनी पोटमाळ्यावरून डार्करूमचे जुने चिमटे काढायला लावले, फिल्म वाळत घालायचे. रोज सकाळी शंभर वेळा. हात खांद्यापासून हलायला लागला, मूठ मिटायला लागली, पण तर्जनी काही स्वतंत्र उठेना. नेमकी तर्जनी.

कॅमेऱ्याचं बटण उजव्या हाताखाली असतं. सगळ्याच कॅमेऱ्यांचं नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला इहागे कंपनीनं 1936 मध्ये किने एक्झाक्टा नावाचा कॅमेरा काढला होता, त्याचं बटण आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका दोन्ही डाव्या हाताला. भाऊंनी तो कधीकाळी एका संग्राहकाकडे हातात घेतलेला. त्या दिवसांत त्याची फार आठवण काढायचे. पण आज दुकानात जाऊन डावखुरा कॅमेरा मागितला, तर दुकानदार आपल्याकडे पाहत राहतो.

मग आम्ही कॅमेरा उलटा धरून पाहिला. खरंच उलटा, तळ वर. मग पकड डावीकडे येते आणि बटण डाव्या अंगठ्याखाली. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य सुलटंच राहतं, आकडे तेवढे डोक्यावर उभे. आठ दिवस तसे फोटो निघाले. पण लेन्स पेलायला दुसरा हात हवा, तो होता कुठे? मनगट सुजलं. वहिनी रागावल्या.

शेवटी जमलं ते असं. कमरेच्या पट्ट्याला चामड्याची खोबण, तिच्यात मोनोपॉडचा, म्हणजे एकपायी स्टँडचा पाय, म्हणून कॅमेऱ्याचं वजन कमरेवर. डावा तळवा लेन्सखाली, आणि त्याच तळव्यात वायरच्या रिमोटचं बटण. गांधीबागेतल्या एका चांभारानं ती खोबण तीनदा उसवून शिवली, तेव्हा कुठे ती बरोबर कोनात आली. चौथ्यांदा पैसे घ्यायला तो तयार होईना.

(दृश्य: कॅमेऱ्याची मागची स्क्रीन, अगदी जवळून. उजव्या कडेला लाल टिकली.)

हात बसला. बाजू उरली होती.

ही टिकली वहिनींची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येईल असं धरून चालू नका, पण डोळे आणि मान उजवीकडे न्यायची सवय लावता येते. व्ह्यूफाइंडर भाऊंनी सोडला आणि स्क्रीन छातीपाशी धरायला लागले. पण नजर पोहोचवायची कुठवर? एका संध्याकाळी वहिनींनी आपल्या आरशावरची टिकली काढली आणि स्क्रीनच्या उजव्या कडेला चिकटवली. म्हणाल्या, "अहो, आधी हिला शोधा. मगच बटण दाबा."

यामागचं शास्त्र सरळ आहे. भाऊंनी स्क्रीनच्या मध्यावर पाहिलं, तर उजवा अर्धा भाग नाहीसा होतो. पण टिकलीवर पाहिलं, तर अख्खी स्क्रीन टिकलीच्या डावीकडे येते, म्हणजे त्यांच्या शाबूत नजरेत. कडेकडेनं दिसते, थोडी पुसट, पण सगळी दिसते. सांगायला सोपं आहे. ज्या दिशेला काही नाही असं मेंदू छातीठोक सांगतो, त्याच दिशेला दर वेळी मुद्दाम नजर न्यायची. मी स्वतः दहा मिनिटं करून पाहिलं, डोकं भणभणलं.

(दृश्य: दीक्षाभूमीचा स्तूप, समोरून. सकाळचं कोवळं ऊन.)

सरावासाठी भाऊंनी जागा निवडली दीक्षाभूमीची. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथला हा पांढरा स्तूप. समोर मधोमध उभं राहिलं की घुमटाची डावी बाजू तशीच उजवी. एका बाजूला जरा जास्त आभाळ आलं, तरी चूक पकडता येते. एप्रिल, मे दोन्ही महिने आम्ही साडेपाचला निघायचो, कारण आठनंतर नागपूरचं ऊन आजारी माणसाला उभं राहू देत नाही. पहिल्या आठवड्यातले घुमट सगळे डावीकडे सरकलेले. मेअखेरीस दहातले सहा-सात मध्यावर.

याच काळात लोक त्यांना भेटायला यायचे आणि ते पहिले फोटो पाहून म्हणायचे, वा, काय वेगळी नजर आहे, हे असेच ठेवा. चांगल्या मनानं म्हणायचे. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. कोपर, पाठ आणि विजेचा खांब ही भाऊंची नजर नव्हती. चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे ज्यानं चाळीस वर्षं स्वतः ठरवलं, त्याला तो हक्क परत हवा होता. भाऊ पाहुण्यांना उत्तर द्यायचे नाहीत. शब्द अजून अडत होते. पाहुणे गेले की ते फोटो परत काढायचे, कागद डावीकडे सरकवत उजवा भाग नीट पाहायचे आणि मागे पेन्सिलीनं, डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात लिहायचे: सायकल. खांब. कोपर.

(दृश्य: इतवारी. ढोल, गर्दी, गच्च्यांवर माणसं.)

पोळ्याचा दुसरा दिवस. पोरांच्या हातात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, आणि इतवारीत मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची. सोबत त्या वर्षीच्या रागालोभाचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात ती नेहरू पुतळ्याच्या चौकात, आणि दोघी एका चौकटीत हव्या असतील तर क्षण थोडेच असतात.

पूर्वी भाऊ मिरवणुकीपुढे उलट्या पावली चालत फोटो काढायचे. आता एका दुकानाच्या ओट्यावर स्टूल. मी त्यांच्या उजवीकडे उभा, कारण उजवीकडून येणारा धक्का त्यांना कळत नाही. पिवळी डावीकडून येत होती. ती त्यांना दिसली. काळी उजवीकडून.

"भाऊ, काळी आली..."

"सांगू नको न बे. पाहून राहिलो मी."

मान वळली. टिकलीपर्यंत गेली, टिकलीच्याही पुढे, रस्त्यापर्यंत. चौकातून आरोळी उठली, "ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि माझ्या शेजारून तीच आरोळी आली. अख्खी, एकही शब्द न अडता. लकव्यानंतर बोलणं अडलं तरी चालीतलं, पाठ असलेलं पुष्कळदा असं सुटून येतं, हे मला माहीत होतं. तरी माझा कॅमेरा हलला. हा हललेला शॉट मी तसाच ठेवला आहे.

(दृश्य: भाऊंचा फोटो. डावीकडे पिवळी, उजवीकडे काळी, मधे माणसांचे वर केलेले हात.)

(दृश्य: घर, संध्याकाळ. जमिनीवर पसरलेलं सामान.)

घरी येऊन पाहिलं तर टिकली नव्हती. घामानं, गर्दीत, कुठेतरी पडलेली. भाऊ एकेक फोटो मागे नेत बसले. दोघी एकत्र आलेल्या त्या फोटोनंतर वीस-बावीस फोटो चांगले होते, मग उजवीकडे कोणाचंतरी अर्धं डोकं, मग अर्धी छत्री.

"इथं पडली," भाऊ म्हणाले आणि तो नंबर वहीत लिहिला.

वहिनी आरशासमोर गेल्या. चितारओळीत गणपतींना रंग द्यायचं काम रात्रभर चालू असतं, आणि पहाटे पाचला तिथे पोहोचायचं ठरलं होतं. त्यांनी या वेळी मोठी टिकली निवडली, बोटानं दाबून बसवली आणि कॅमेरा चार्जिंगला लावला.